सास्किया की अमालिया?

कोरेगावाकडून औंधला जाऊन बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेले संग्रहालय जो पाहील, त्याला रविवर्म्याच्या पौराणिक नायिकांपुढे ‘ही कोण?’ असे फारसे विचारावे लागत नाही. त्या आपली कथा बरोबर घेऊन येतात. व्यक्तिचित्रातल्या स्त्रीला तो आधार नसतो. तिचे नाव विसरले गेले, की पाहणारा आपल्या मनातले नाव तिला देतो. आणि मग त्या नावाला साजेसे भावही त्याला तिच्या मुद्रेवर दिसू लागतात.

पॅरिसच्या झाकमार-आंद्रे संग्रहालयातील रेम्ब्राँच्या एका चित्राचे असेच झाले. एका तरुण स्त्रीचे, बाजूने काढलेले, १६३२ सालचे हे चित्र. ती चित्रकाराची बायको सास्किया, अशी समजूत पुष्कळ काळ होती. वास्तविक त्यांचा वाङ्निश्चय १६३३ चा, लग्न १६३४ चे! पण हेगच्या दरबारी चित्रांच्या १६३२ मधील यादीत राजपुत्र फ्रेडरिक हेंड्रिक याच्या पत्नीचे, बाजूने काढलेले, रेम्ब्राँचे चित्र नोंदलेले आहे. ही पत्नी म्हणजे अमालिया फान सोल्म्स. होन्टहॉर्स्टने १६३१ साली राजपुत्राचे चित्र काढले तेही बाजूनेच. तेव्हा हे त्याच्या जोडीसाठी मागवलेले असावे. एरवी रेम्ब्राँ माणसाला क्वचितच असा कडेने पाहतो.

कर्तृत्वाविषयी मला शंका नाही. प्रश्न मोलाचा आहे. काळा पोशाख, रुंद लेसची गळपट्टी, मोती हे सारे सव्वीस वर्षांच्या या चित्रकाराने मन लावून रंगवले आहे. परंतु चेहरा नाण्यावरच्या छापासारखा अडकून पडला आहे. डोळा एकच दिसतो, आणि तोही आपल्याकडे पाहत नाही. रेम्ब्राँचे निम्मे सामर्थ्य तेथेच खर्ची पडते. सास्किया समजून ज्यांना येथे हळुवारपणा दिसला, त्यांनी तो घरून आणला होता. कासेलच्या चित्रात सास्किया खरोखरच बाजूने दिसते. तिच्या तांबड्या मखमली टोपीतही अधिक जिव्हाळा आहे.

या चित्रातली एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडते. अमालियाची जाडसर हनुवटी त्याने झाकलेली नाही. होन्टहॉर्स्टने काढलेली तिची चित्रे कितीतरी गुळगुळीत आहेत, आणि पुढे दरबारी मान मिळाला तो होन्टहॉर्स्टलाच.