सल्लागार गेला कुठे? समृद्धीची नवनगरं आणि आपले सिनॉप्सिस

पेटची तयारी करताना बुलढाणा, वाशीम, जालना या पट्ट्यातली मुलं हमखास एक विषय निवडतात: समृद्धी महामार्ग आणि शेतकऱ्यांचा प्रतिसाद. विषय चांगला आहे. पण त्यावरचे सिनॉप्सिस वाचले की एक गोष्ट खटकते. त्यात शासन असतं, शेतकरी असतो, ‘विकास’ असतो. ज्यानं नवनगराची हद्द आखली, लोकसंख्येचा अंदाज बांधला, कोणाला किती टक्के भूखंड परत द्यायचा याचं गणित मांडलं, तो माणूस मात्र कुठेच नसतो. त्याचा अहवाल आपण ‘दुय्यम साधन’ म्हणून दुसऱ्या प्रकरणात ठेवतो आणि त्यातले आकडे उचलतो. माझा आक्षेप या सवयीवर आहे. सल्लागाराचा अहवाल ही माहितीची टाकी नाही. कोणाच्या तरी कारकिर्दीतली ती एक पायरी असते, आणि तसा वाचला तरच तो काही सांगतो.

आधी जागा समजून घेऊ. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा. बुलढाणा जिल्ह्यात तो मेहकर, लोणार, सिंदखेडराजा आणि देऊळगाव राजा या तालुक्यांतून जातो. रस्त्याच्या जोडीला महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळानं कृषी समृद्धी केंद्रं, म्हणजे नवनगरं, कल्पिली. सुरुवातीला 24, पुढे आकडा कमी झाला. आपल्या जिल्ह्यात साब्रा-काब्रा आणि सावरगाव माळ ही नावं त्यातून पुढे आली. योजना अशी: शेतकऱ्यानं जमीन एकत्रीकरणात द्यायची, बदल्यात पंचवीस ते तीस टक्के विकसित बिगरशेती भूखंड आणि दहा वर्षं वार्षिक रक्कम घ्यायची. कागदावर ही भागीदारी आहे आणि ‘न्याय्य विकास’ हा शब्द इथूनच येतो.

बहुतेक शेतकऱ्यांनी ही भागीदारी घेतली नाही. त्यांनी थेट खरेदीचा, रोख पैशाचा पर्याय घेतला. आता तुमच्या सिनॉप्सिसमध्ये याचं कारण काय लिहिलंय ते बघा. ‘जनजागृतीचा अभाव’, ‘पारंपरिक मानसिकता’ असं काही असेल तर खोडा. ही भाषा संशोधकाची नाही, अहवालाची आहे.

शेतकऱ्याचा हिशेब करून बघू. 2013 च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे ग्रामीण भागात बाजारमूल्याला दोनचा गुणक लागला, त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम, म्हणजे चारपट. थेट खरेदीला संमती दिली तर त्यावर आणखी पंचवीस टक्के. चारचा पाव एक, झाले पाच. म्हणून ‘पाचपट’. एका बाजूला हे पाचपट पैसे खात्यात आणि दुसऱ्या बाजूला अजून न झालेल्या शहरातला भूखंड. त्या भूखंडाची किंमत शहर झालं तरच आहे. 2011 च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या 25.86 लाख आणि त्यातले शहरात राहणारे सुमारे 21 टक्के. जिल्ह्यात एकही महानगरपालिका नाही. या पट्ट्यात भूखंड कोण विकत घेणार, हा प्रश्न ज्याला पडला त्याला अडाणी म्हणायचं की जोखीम ओळखणारा? नागपूर ते शिर्डी रस्ता 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाला, शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये. नवनगरं तेव्हाही कागदातून बाहेर आलेली नव्हती. रोख घेणाऱ्याचा अंदाज चुकला असं म्हणायला आजवर तरी पुरावा नाही. (पाचपट कशाच्या, हा वेगळा वाद. ज्या गावात खरेदीखतं मोजकीच आणि तीही कमी रकमेची, तिथे लहान आकड्याची पाचपट होते. शिवेला लागून असलेल्या दोन गावांत दर वेगळे का, यावर स्वतंत्र प्रबंध होईल.)

जमीन एकत्रीकरणाचं उदाहरण म्हणून दरवेळी मगरपट्टा पुढे केला जातो. हडपसरला सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी सुमारे चारशे एकर जमीन एकत्र आणून कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात भाग घेतले. ते यशस्वी झालं, नाही कोण म्हणतंय? पण त्यामागे पुण्याची आयटी कंपन्यांची मागणी उभी होती. शहर दारात आलं होतं. सिंदखेडराजाच्या माळावर शहर आधी ‘आणायचं’ आहे. टक्केवारी उचलून आणता येते, मागणी आणता येत नाही. अहवालात ही तुलना दिसली की थांबा आणि समासात लिहा: ग्राहक कोण?

याहून मोठी गोष्ट आहे ती ‘न्याय्य’ या शब्दाच्या पोटातली. भागीदारी जमिनीच्या प्रमाणात, म्हणजे सातबाऱ्यावर नाव असलेल्यांत. बटईनं शेत करणारा त्यात नाही. सालदार नाही. नवऱ्याच्या नावावरच्या शेतात तीस वर्षं निंदण-वेचणी केलेली बाई नाही. आणि वऱ्हाडात ज्याला आपण ई-क्लास म्हणतो त्या गायरानावर पिढीभर पेरणी करणारी भूमिहीन कुटुंबं तर सर्वेक्षणाच्या नकाशात ‘सरकारी पडीक’ या रंगाखाली गडप होतात. अशी 14 एप्रिल 1990 पर्यंतची अतिक्रमणं नियमित करण्याचं धोरण शासनानं 1991 मध्येच घेतलं होतं. सातबाऱ्यावर त्याचा अंमल किती झाला, हे गावागणिक तपासावं लागतं, आणि ते तपासणं नकाशा काढणाऱ्याच्या कामात धरलेलं नसतं.

गंमत म्हणजे कायद्याला ही माणसं दिसतात. 2013 च्या कायद्यातली ‘बाधित कुटुंब’ ही व्याख्या वाचा. संपादनाआधी तीन वर्षं त्या जमिनीवर ज्यांची उपजीविका चालली असे शेतमजूर, कूळ, बटईदार त्यात येतात. त्यांना मोजायचं तर सामाजिक आघात मूल्यांकन करावं लागतं. पण व्यवहार थेट खरेदीचा झाला की खरेदीखतावर दोनच बाजू उरतात: देणार आणि घेणार. आघाताचा अभ्यास लागत नाही. म्हणजे जो पर्याय जमीनमालकाला जास्त फायद्याचा, त्याच पर्यायात भूमिहीन मोजणीतून सुटतो. समृद्धीवर लिहिताना ‘शेतकऱ्यांना चांगला मोबदला मिळाला’ आणि ‘गावाला न्याय मिळाला’ ही दोन वाक्यं एकमेकांच्या जागी वापरू नका, ते यासाठी.

मग प्रश्न येतो, हे सल्लागाराला कळत नाही का? कळतं. नियोजनाचं शिक्षण घेतलेली मुलं हे सगळं वाचून बाहेर पडतात. पुण्याच्या सीओईपीत, नागपूरच्या व्हीएनआयटीत, अहमदाबादच्या सेप्टमध्ये, दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंगमध्ये ‘समता’ हा विषय शिकवला जातोच. अडचण पुढे, नोकरीत सुरू होते. सल्लागार कंपनीला काम मिळतं निविदेतून. तांत्रिक गुण आणि दर यांचं भारांकन बहुधा सत्तर-तीस किंवा ऐंशी-वीस. तांत्रिक गुणांत सर्वात जड काय? तशाच कामाचा पूर्वानुभव. आणि पूर्वानुभव सिद्ध कशानं होतो? काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यानं. आता ‘काम पूर्ण’ म्हणजे काय ते कार्यकक्षेत वाचा. प्रारंभिक अहवाल सादर, इतके टक्के रक्कम. मसुदा सादर, इतके. अंतिम अहवाल स्वीकृत, उरलेले. शहर झालं की नाही, भूखंड वाटले गेले की नाही, हे त्या टप्प्यांत नाहीच. शेतकऱ्याच्या जमिनीचा काळ दहा-वीस वर्षांचा, सल्लागाराचा काळ काही महिन्यांचा. तो दाखला घेऊन पुढच्या निविदेला जातो, आणि तिथे त्याच्या नावापुढे लागतं: नवनगर नियोजनाचा अनुभव. न झालेल्या नगराचाही अनुभव धरला जातो.

यात कोणी खलनायक शोधायची गरज नाही. पंचवीस-सव्वीस वर्षांची कनिष्ठ नियोजक मुलगी चार दिवसांसाठी गावात येते, सरपंचाच्या ओट्यावर बैठक होते, तिच्या फॉर्ममध्ये ‘जमीनधारणा’ हा रकाना असतो आणि ‘बटई’ हा नसतो. ती वेगळा रकाना वाढवू शकते का? वाढवला तर पुण्यातल्या ऑफिसात तो कोण जुळवणार, आणि त्याचे पैसे कोणत्या टप्प्यात बसणार? म्हणून निविदेतला मनुष्य-महिन्यांचा तक्ता बघायची सवय लावा. जीआयएस तज्ज्ञाला किती महिने, सामाजिक तज्ज्ञाला किती. अहवालाच्या प्रस्तावनेतल्या दहा पानांपेक्षा हा एक तक्ता जास्त खरं बोलतो.

‘मग सगळेच सल्लागार असे का?’ नाही. शिरीष पटेल यांची कारकीर्द अभ्यासा. मुंबईच्या केम्प्स कॉर्नरच्या उड्डाणपुलाचे हे अभियंते. चार्ल्स कोरिया आणि प्रविणा मेहता यांच्याबरोबर त्यांनी 1960 च्या दशकात खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली आणि 1970 मध्ये सिडको झाल्यावर सुरुवातीची काही वर्षं आत राहून ती राबवली. पुढे आयुष्यभर ते घरांच्या आणि रस्त्यांच्या गर्दीवर आकडे मांडून शासनाशी भांडत राहिले. म्हणजे अहवाल देऊन निघून न जाणारी कारकीर्दही शक्य असते. पण थांबा, लगेच नायक करू नका. नवी मुंबईतल्या भूमिपुत्रांना साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळाले ते कोणत्याही मूळ आराखड्यामुळे नाही. जानेवारी 1984 मध्ये उरण-जासईला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले, आणि 1990 मध्ये योजना आली. आज अहवालांत जो टक्का ‘उत्तम कार्यपद्धती’ म्हणून सहज लिहिला जातो, त्याच्यामागे हे आहे.

सैद्धांतिक आधार म्हणून तुम्ही साई बालकृष्णन यांचं ‘शेअरहोल्डर सिटीज’ (2019) घेणार, घ्यावंच. लवासा, मगरपट्टा आणि खेडचं विशेष आर्थिक क्षेत्र या तीन उदाहरणांतून जमीनदार शेतकरी शहराचा भागधारक कसा होतो आणि जात, पाणी, साखर कारखाना त्यात कसे काम करतात हे त्यात फार नेमकं आलंय. खेडला परत द्यायच्या पंधरा टक्के जमिनीचं कंपनीच्या समभागांत रूपांतर कसं झालं, ते तर वाचाच. पण हे पुस्तक जसंच्या तसं बुलढाण्यावर ठेवू नका. ते कालव्याच्या, उसाच्या, सहकाराच्या प्रदेशातलं आहे. आपल्याकडे कोरडवाहू सोयाबीन-कापूस, आणि मोलभाव करणारी तशी सहकारी यंत्रणा नाही. शिवाय सल्लागार त्या मांडणीत कडेला राहतो. ती रिकामी जागा तुमची आहे.

आणखी एक. समतेची तयार नियमावलीही आपल्यापर्यंत पोहोचत नाही. एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीतली समावेशक घरांची तरतूद, म्हणजे मोठ्या ले-आउटमध्ये वीस टक्के दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी, ही दहा लाखांवरच्या महानगरपालिकांसाठी आहे. खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर यांपैकी कोणीच त्यात बसत नाही. इथला बांधकाम व्यवसाय म्हणजे मुख्यतः एन-ए ले-आउट, आणि इथला खरा नियोजन सल्लागार म्हणजे नगरपरिषदेत नकाशे मंजूर करून देणारा परवानाधारक अभियंता. त्याच्यावर आपण एक ओळ लिहीत नाही, कारण त्याचा अहवाल चकचकीत नसतो.

समृद्धीच्या वेळी महामंडळानं गावागावांत ‘संवादक’ नेमले होते, शेतकऱ्यांशी बोलायला, संमती मिळवायला. साखळीत सगळ्यात खालचे, मुदतीपुरते. कोणाचं शेत कोण करतं, कोणत्या भावांत वाटणीचा वाद आहे, ई-क्लासवर कोणाची झोपडी आहे, हे माहीत असलेला माणूस हाच. सल्लागाराच्या अहवालावर सही त्याची नाही, पुढच्या निविदेत अनुभव त्याचा धरला जात नाही. विषय अजून पक्का झाला नसेल तर तुमच्या तालुक्यातले दोन-तीन संवादक शोधा. त्यांचं बोलणं आणि अहवालातलं ‘लोकसहभाग’ हे प्रकरण शेजारी ठेवून वाचा. निविदा, कार्यकक्षा आणि बैठकांची इतिवृत्तं माहिती अधिकारात मागा, कलम 6 खाली. अर्ज दहा रुपयांत होतो, उत्तराला तीस दिवस धरा. आरआरसीच्या तारखेच्या आठवडाभर आधी टाकू नका.