मैदान, दप्तर आणि तिजोरी

क्रीडासंस्थेचे आधिपत्य खेळात मुरलेल्या माणसाकडे असावे की व्यवहारात मुरलेल्या माणसाकडे, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा एखादी स्पर्धा बुडाल्यानंतर किंवा एखादी निवडणूक न्यायालयात गेल्यानंतरच विचारला जातो आणि मग त्याचे उत्तरही संतापाच्या भरात दिले जाते. बडोद्यात हा प्रश्न अधिक शांतपणे विचारता येतो. कारण संस्थानिक, तालीमबाज, नामांकित खेळाडू आणि कारखानदार असे चारही प्रकारचे धनी येथील क्रीडासंस्थांना गेल्या शतकात लाभले, आणि त्यांच्या कारभाराची तुलना करण्यास गावाबाहेर जावे लागत नाही.

सयाजीराव महाराजांची कार्यपद्धती या बाबतीत लक्षणीय होती. १८८६ साली गायनशाळा निघाली तेव्हा तिचे प्रमुखपद उस्ताद मौलाबक्ष या गवयाकडे गेले, आणि १८९० साली कलाभवन स्थापन झाले तेव्हा त्याची धुरा प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञाकडे आली. विद्येचा निर्णय जाणकाराने करावा आणि पैशाचा हिशेब संस्थानाच्या दप्तरात राहावा, अशी ही विभागणी होती. व्यायामाच्या क्षेत्रात प्रोफेसर माणिकराव हे तर मूळचेच तालमीतले. गुरू जुम्मादादा यांच्या नावाने चालविलेल्या व्यायाममंदिरात त्यांनी मल्लविद्येइतकेच शिस्तबद्ध सामुदायिक कवायतीला महत्त्व दिले, आणि तालीम म्हणजे केवळ दंडबैठकांचा आखाडा ही समजूत पुसून टाकली. पहिलवान उत्तम संघटक असू शकत नाही असे म्हणणाऱ्याने माणिकरावांचे चरित्र एकदा चाळावे.

परंतु या संपूर्ण इतिहासात मला सर्वांत मोलाचे वाटते ते बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याचे कार्य. हुतूतू, म्हणजे आजची कबड्डी, हा खेळ तोवर गावोगावी वेगवेगळ्या वहिवाटीने खेळला जाई: कोठे बाद झालेला गडी प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की पुन्हा उठे, त्या प्रकाराला संजीवनी म्हणत, कोठे तो डाव संपेपर्यंत बाहेरच बसे, ती गनिमी, आणि कोठे तो बाहेरच जात नसे, केवळ गुण मोजले जात, तो अमर. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने देशी खेळांना नियमबद्ध करण्याचा प्रयत्न आधी केला होता. १९२३ साली हिंदविजय जिमखान्याने हुतूतूचे नियम पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले, त्याच वर्षी बडोद्यात अखिल भारतीय सामने भरविले, आणि पाठोपाठ खो-खोच्या नियमांकडेही लक्ष वळविले. पुढे देशभर संजीवनी पद्धतीच रूढ झाली. बाद गड्याला पुन्हा उठविण्याने शेवटच्या क्षणापर्यंत पारडे हलते राहते, ही गोष्ट रेषेबाहेर तासभर ताटकळलेल्या माणसाला जितकी उमजते तितकी ताळेबंद वाचणाऱ्याला उमजणे कठीण. दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी बडोद्यातच मराठीत जो दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश सिद्ध केला, तोही याच प्रवृत्तीचा परिपाक होय. खेळाचे दप्तर नीट ठेवणे हे खेळण्याइतकेच मोठे कर्तृत्व आहे, हे त्या पिढीने ओळखले होते.

क्रिकेटमध्ये धनी आणि खेळाडू काही काळ एकाच देहात नांदले. फत्तेसिंहराव महाराज बडोद्याकडून रणजी सामने खेळले, १९५९ साली भारतीय संघाचे व्यवस्थापक म्हणून इंग्लंडला गेले, आणि १९६३ ते १९६६ या काळात क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष झाले. तत्पूर्वी, १९४७ च्या मार्चमध्ये होळकर संघाविरुद्धच्या अंतिम सामन्यात विजय हजारे आणि गुल महंमद यांनी केलेली ५७७ धावांची भागीदारी हे राजाश्रयाचेच फळ होते. सांगलीचे हजारे बडोद्याचे झाले ते संस्थानच्या नोकरीमुळे. मात्र राजाश्रयाची ही व्यवस्था संस्थानांच्या विलीनीकरणानंतर मूळ स्वरूपात टिकणे शक्यच नव्हते. तिची जागा कारखानदाराने घेतली. गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन यांनी १९०७ साली स्थापन केलेल्या अलेंबिकचे चिरायू अमीन पुढे बडोदा क्रिकेट असोसिएशनचे अध्यक्ष झाले, आणि २०१० साली इंडियन प्रीमियर लीगचे हंगामी अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. त्यांचे चिरंजीव प्रणव अमीन यांनीही असोसिएशनचे अध्यक्षपद सांभाळले. मोतीबाग मैदान राजवाड्याचे, रिलायन्सचे मैदान कंपनीचे, अशा परक्या जागांवर वर्षानुवर्षे खेळणाऱ्या या संस्थेला कोटंबी येथे स्वतःचे स्टेडियम मिळाले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये भारत व वेस्ट इंडीजच्या महिला संघांचे सामने तेथे झाले. असे बांधकाम तडीस नेण्याला व्यवहारी माणसाची मुखत्यारी लागते, हे मान्य न करणे कृतघ्नपणाचे होईल.

न्यायमूर्ती लोढा समितीच्या शिफारशींनंतर क्रिकेट मंडळाच्या सर्वोच्च परिषदेत खेळाडूंच्या प्रतिनिधीला स्थान मिळाले, आणि २०१९ साली त्या स्थानावर निवडून आले ते बडोद्याचेच अंशुमन गायकवाड. त्याच वर्षी सौरव गांगुली अध्यक्ष झाले. खेळाडूंचे राज्य आले अशी तेव्हा वर्तमानपत्रांची भाषा होती, ती मला अतिरंजित वाटली; परिषदेतील एक मत आणि अध्यक्षाची सही यांवर तिजोरीची किल्ली ज्याच्या कमरेला असते त्याची हुकमत सहसा कमी होत नाही.

देशी खेळांत हा संघर्ष अधिक उघडा पडला. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली ती आनंद महिंद्र आणि चारू शर्मा यांच्या मशाल स्पोर्ट्सच्या प्रेरणेने व दूरचित्रवाणीच्या भांडवलावर. खो-खोसाठी डाबर घराण्यातील अमित बर्मन यांनी २०२२ साली अशीच लीग काढली, आणि गुजरातच्या नावाचे दोन्ही संघ अदानी समूहाने घेतले. कबड्डीत चढाईला तीस सेकंदांची मर्यादा आली, दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण घेणे किंवा बाद होणे भाग पडले. जुन्या जाणत्यांनी नाके मुरडली. मला मात्र तिसऱ्या चढाईचा हा नियम चांगला वाटतो, कारण रेंगाळणाऱ्या चढाईचा कंटाळा खेळाडूच्या अंगवळणी पडलेला होता आणि तो कंटाळा दिसायला बाहेरचाच माणूस हवा होता. दम हीच ज्या खेळाची घटिका होती, तेथे भिंतीवरचे घड्याळ बसविणे हा मात्र निराळा प्रकार आहे, आणि तो मला तितकासा पचत नाही. या सर्व काळात कबड्डी महासंघाचे आधिपत्य ना व्यापाऱ्याकडे होते ना खेळाडूकडे. ते दशकानुदशके राजस्थानातील एका राजकारणी घराण्याकडे होते, आणि २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द करून तेथे प्रशासक नेमला. आपल्या वादात हा तिसरा पक्ष नेहमी विसरला जातो.

केवळ खेळाडूच्या हाती कारभार दिल्याने निभाव लागतो, असा भाबडा समज असणाऱ्यांनी अमेरिकेतील एका उदाहरणाचा विचार करावा. गॅरी गायगॅक्स आणि डॉन के या छांदिष्ट खेळाडूंनी १९७३ साली विस्कॉन्सिनमध्ये स्थापन केलेल्या कंपनीने पुढच्याच वर्षी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कल्पनाविलासी बैठा खेळ बाजारात आणला. खेळ अफाट चालला, तरी खेळाडू मंडळींच्याच अमदानीत कंपनी कर्जात रुतली, नोकरकपात झाली. १९८५ साली खेळाच्या जगाबाहेरून आलेल्या लोरेन विल्यम्स यांच्याकडे सत्ता गेली, आणि त्यांच्या राजवटीची अखेरही दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर झाली. १९९७ साली कंपनी विकत घेणारे पीटर ॲडकिसन हे स्वतः खेळाडू, पण बोइंगमध्ये नोकरी केलेले. दोन वर्षांत त्यांनी आपली पेढी हॅस्ब्रोला विकली. तिन्ही राजवटींतून ज्याला निर्णायक धडा हवा असेल त्याला तो सापडणार नाही. एवढेच दिसते की कर्ज फेडण्यासाठी छापलेली खेळाची पुस्तके आणि टेबलावर पारखून घेतलेली पुस्तके यांतील भेद दोन्ही प्रकारच्या मालकांना काही काळाने दिसेनासा झाला.

आपल्याकडे आट्यापाट्या या खेळाला अद्याप कोणी विकत घेतलेले नाही. नऊ पाट्यांचे लांबलचक क्रीडांगण आणि त्यांना छेदणारी सूरपाटी कॅमेऱ्याच्या एका चौकटीत मावत नाही, हे त्याचे एक कारण असावे. परिणामी त्याचे नियम अजून खेळाडूंच्या हाती आहेत आणि त्याचे दारिद्र्यही. उद्या एखादा उद्योगपती पुढे आला तर जाणत्यांनी त्याला परत पाठवू नये. पण त्याच्याशी होणाऱ्या करारात तिकिटे, जाहिराती, मैदान आणि मानधन यांचा मक्ता त्याच्याकडे देऊन, पाटीची लांबी, लोणाचे गुण आणि डावाची वेळ बदलण्याचा अधिकार मात्र निदान दहा वर्षे खेळलेल्या माणसांच्या पंचमंडळाकडे राहील, हे कलम पहिल्याच पानावर लिहून घ्यावे.