हाड दोनशे वर्षांचे हवे

'व्हॅम्पायर : द मास्करेड' हा टेबलाभोवती बसून खेळायचा भूमिकाखेळ १९९१ साली अमेरिकेत बाजारात आला. प्रकाशक व्हाइट वुल्फ, कर्ता मार्क राइन-हेगन. खेळाडूने रक्तपिशाच व्हायचे, आजच्या शहरात माणसांच्या नजरेआड राहायचे आणि स्वतःतल्या पशूला आवर घालत रात्री काढायच्या, अशी ही कल्पना. नारायण धारपांची 'लुचाई' वाचलेल्या मराठी वाचकाला असा पिशाच नवा नाही. नवे आहे ते त्याच्या बाजूने खेळणे. या खेळात ट्रेमीर नावाचे एक कुळ आहे. मुळातली ही जादूगार मंडळी अमरत्वाच्या लोभाने पिशाच झाली, त्यात जुनी जादू गमावून बसली आणि मग तिच्या जागी त्यांनी रक्तावर चालणारी विद्या उभी केली. त्या विद्येतले विधी या लेखाचा विषय आहेत.

विधीची नोंद बहुधा अर्ध्या पानात आटोपते. वर नाव आणि पातळी. खाली लागणारे साहित्य, करायची कृती आणि शेवटी फाशांचा नियम. मांडणी पाककृतीच्या सदरासारखी, आणि कसोटीही तीच: वाचणाऱ्याचे हात शिवशिवले पाहिजेत. गेल्या तीन दशकांत असे शेकडो विधी छापले गेले. त्यांतले थोडे लक्षात राहिले, बाकीचे पानांतच राहिले. नियमांची भाषा आवृत्तीगणिक सफाईदार झाली, पण विधी त्या मानाने सुधारले नाहीत. दोष फाशांच्या गणितात नाही. साहित्याच्या यादीकडे झालेल्या दुर्लक्षात तो आहे.

ट्रेमीरांची मुळे आणखी मागे जातात. राइन-हेगन यांनी जोनाथन ट्वीट यांच्यासोबत १९८७ मध्ये 'आर्स मॅजिका' हा मध्ययुगीन जादूगारांचा खेळ काढला होता आणि ट्रेमीर हे त्यातले एक घराणे होते. तिथली जादू पाच क्रिया आणि दहा पदार्थ यांच्या जोड्यांतून खेळाडू जागच्या जागी घडवू शकत असे. 'व्हॅम्पायर'मध्ये ही मोकळीक गेली. झटपट चालणाऱ्या शक्तींचे 'मार्ग' एकीकडे झाले आणि सावकाश, तयारीने करायचे विधी दुसरीकडे. विधींच्या वाट्याला त्यामुळे वेळ आला, आणि जो काही रंग चढला तो या वेळेमुळेच.

चौथ्या पातळीवरचा 'बोन ऑफ लाइज' पाहा. मेलेल्या माणसाचे हाड मंतरायचे. ते हातात धरणाऱ्याला खोटे बोलता येत नाही. सत्य वदवून घेणारी वस्तू जगभरच्या गोष्टींत सापडते, त्यामुळे परिणाम तसा ओळखीचाच. मजा अटींत आहे. हाड किमान २०० वर्षांचे हवे. विधीच्या रात्री त्याला रक्ताचे १० अंश पाजावे लागतात, आणि या खेळात एका धडधाकट माणसाच्या अंगात असतात तेही १० अंशच. धरणारा खोटे बोलू पाहतो तेव्हा दर वेळी एक अंश खर्च होतो. दहा खोट्यांनंतर हाड काळेकुट्ट पडून निकामी होते. सत्य वदवतो तो त्या हाडाच्या मूळ मालकाचा आत्मा, आणि गिळलेल्या प्रत्येक खोट्याने तो अधिकाधिक नासत जातो. म्हणून शहाणे ट्रेमीर बेवारशी हाड शोधतात आणि काम झाले की ते पुरून टाकतात.

आता फासे बघू. जुन्या नियमांनुसार बुद्धी आणि गूढविद्या यांच्या गुणांच्या बेरजेइतके दहापैलू फासे टाकायचे. लागणारा आकडा म्हणजे तीन अधिक पातळी, इथे ७. सहा फाशांपैकी एकावर तरी ७ किंवा त्याहून जास्त पडण्याची शक्यता सुमारे ९५ टक्के. १ पडल्याने वजा होणारे यश धरले तर त्याहून थोडी कमी. म्हणजे फाशांपाशी हा विधी अडत नाही, अडतो तो हाडापाशी. थडगे कुणाचे, ते उकरायला जाणार कोण, आणि १० अंश रक्त कुणाच्या अंगातून येणार? फासे हातात घेण्याआधीच एक अख्खी संध्याकाळ या प्रश्नांवर रंगते.

पहिल्या पातळीवरचे काही विधीही असेच जमलेले आहेत. 'डिफ्लेक्शन ऑफ वुडन डूम'मध्ये पिशाच लाकडांच्या वर्तुळात तासभर बसतो आणि शेवटी एक ढलपी जिभेखाली ठेवतो. ती तोंडात असेपर्यंत त्याच्यावर रोखलेला पहिला खुंटा मारणाऱ्याच्याच हातात भुगा होतो. ढलपी काढली की संरक्षण संपले. आता हा पिशाच राजदरबारात तोंडात लाकूड धरून बोलणार कसा, हे नियमात लिहावे लागत नाही. टेबलावर ते आपोआप घडते.

याच्या उलट टोकाला कुंपणविधी आहेत. माणूस-गुलामांविरुद्ध एक, लांडगेमानवांविरुद्ध दुसरा, पिशाचांविरुद्ध तिसरा, आत्म्यांविरुद्ध आणखी एक. शत्रू बदलतो, साहित्य बदलते, कुठे रक्ताऐवजी चांदीची पूड येते. विधी तोच राहतो. पुस्तकाची पाने भरतात, खेळात भर पडत नाही.

२००४ च्या 'व्हॅम्पायर : द रेक्विएम'ने किमतीचा विचार नव्याने केला. त्यातल्या 'क्रुआक' या मूर्तिपूजक जादूला रक्त मोजावे लागते, तर धर्मनिष्ठ पिशाचांच्या 'थीबन' विद्येला इच्छाशक्ती आणि विधीत नष्ट होणारी अर्पणवस्तू. कोण काय गमावतो यावरून कोण कोणत्या पंथाचा हे कळते. दोन जादूंमधला फरक खर्चातून दाखवण्याचा हा प्रयत्न या परंपरेतला सर्वांत विचारपूर्वक केलेला आहे.

'मास्करेड'च्या पुस्तकांनी मात्र दुसरी वाट धरली: जगभरच्या परंपरा गोळा करायच्या. इजिप्तची एक रक्तजादू, वूडूवरून एक, आणि भारतीय पिशाचांची 'साधना'. हेतू विस्ताराचा असेल, पण साऱ्या परंपरा त्याच चढत्या पातळ्यांच्या साच्यात बसवल्या की उरतो तो साहित्याच्या यादीतला फरक. कार्पेथियन प्रदेशातली 'कोल्डुनिक' जादू थोडी वेगळी ठरते, कारण ती भूमीशी आणि तिथल्या भूतात्म्यांशी बांधलेली आहे. खऱ्या समाजाची खरी जखम कथानकात सजावट म्हणून वापरली तर काय होते, हे २०१८ मध्ये दिसले. 'कॅमरिला' या पुस्तकात चेचन्यातल्या समलैंगिकांचा छळ पिशाचांच्या कारस्थानाचा भाग म्हणून आला. टीका होताच मालक कंपनी पॅराडॉक्सने माफी मागितली आणि व्हाइट वुल्फचा स्वतंत्र कारभार गुंडाळला.

त्याच वर्षी आलेली पाचवी आवृत्ती केनेथ हाइट यांच्या नेतृत्वाखाली लिहिली गेली. तिने रक्ताचे अंश काढून टाकले आणि 'भूक' आणली. विधीसाठी साधारणपणे एक फासा टाकायचा. ५ किंवा कमी पडले तर भूक वाढते, म्हणजे निम्म्या वेळा. किंमत आता पिशाचाच्या स्वभावाला जाऊन भिडते, ही मोठी सुधारणा. साहित्य, कृती आणि नियम यांना स्वतंत्र मथळे मिळाले, हीसुद्धा. पण पहिल्या पातळीचा विधी असो की पाचव्या, नाणे बहुतेकदा तेच. जुन्या हाडाला एका माणसाचे रक्त लागत होते. नव्या नियमात तो भार एकट्या साहित्याने वाहायचा, आणि साहित्य लिहिताना हात आखडला की विधी म्हणजे नुसते बटण उरते. याच आवृत्तीतली पातळ रक्ताच्या पिशाचांची किमया अधिक जिवंत आहे: ऊर्ध्वपातनासाठी स्वतःचे शरीर वापरायचे, दुसऱ्या माणसाचे वापरायचे, की प्रयोगशाळा थाटायची, हे आधी ठरवावे लागते, आणि त्या निवडीतून पात्र उघडे पडते.

२०१७ पासून 'स्टोरीटेलर्स व्हॉल्ट' या अधिकृत दुकानात कोणालाही आपले लेखन विकता येते. उत्साह मोठा, पण बरेच नवे विधी परिणामापासून सुरू होतात: अमुक इतके फासे जास्त, तमुक इतकी इजा. साहित्य मागाहून चिकटवलेले असते आणि त्यात मेणबत्ती, खंजीर, थेंबभर रक्त यांपलीकडे फार काही सापडत नाही. मेणबत्ती कोणत्याही दुकानात मिळते. तिच्यासाठी कोणालाही कोणाचे ऋण घ्यावे लागत नाही.

नवा विधी लिहिणाऱ्याने परिणाम शेवटी लिहावा. वस्तू कुठून येईल, ती मिळवताना कोण दुखावेल आणि विधी झाल्यावर तिचे काय करायचे, हे आधी ठरवावे. फाशांचे गणित एका ओळीत होते. या कलेचे चांगले आणि वाईट नमुने एकत्र पाहायचे असतील त्यांनी २०११ ची विसाव्या वर्षानिमित्त निघालेली आवृत्ती घ्यावी. वर सांगितलेले हाड आणि ढलपी दोन्ही तिच्यात आहेत. कुंपणविधींची पाने न वाचता उलटली तरी चालतील.