वाळलेल्या परसबागेचे छायाचित्रण : पेण-रोहा परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

कोकणच्या निसर्गाचे छायाचित्र म्हटले की हिरवा रंग गृहीत धरला जातो. पावसाळी डोंगर, भातखाचरे, नारळी-पोफळीच्या वाड्या आणि धबधबे हे या छायाचित्रणाचे ठरलेले विषय आहेत. पर्यटनाची पत्रके, दिनदर्शिका आणि भेटकार्डे यांनी ही दृष्टी पक्की केली आहे. परिणामी पाऊस ओसरल्यानंतर घराच्या परसात जे घडते ते छायाचित्रकाराच्या नजरेबाहेर राहते. आश्विन-कार्तिकात पेण आणि रोहा तालुक्यांतील परसबागा हळूहळू वाळू लागतात. भेंडीची बोंडे तडकतात, घोसाळ्याचा वेल मांडवावरच करडा होतो, तुळशीच्या मंजिऱ्या कागदासारख्या पातळ होतात. या वाळलेपणात नाजूक सौंदर्य आहे आणि त्याचे छायाचित्रण ही स्वतंत्र कला होऊ शकते. मात्र त्यासाठी कोणती दृष्टी स्वीकारावी, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शरद ऋतू आणि पानगळ

वाळलेल्या वनस्पतींच्या छायाचित्रणाची रूढ कल्पना युरोप-अमेरिकेतील शरदावर आधारलेली आहे. तेथे शरद म्हणजे पानगळ, तांबूस-पिवळे रंग आणि हिवाळ्याची चाहूल. ही कल्पना रायगड जिल्ह्याला जशीच्या तशी लागू करणे चुकीचे ठरते. येथे वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पावसावर उगवणाऱ्या वर्षायू वनस्पती तो थांबल्यावर आपले आयुष्य पुरे करतात. म्हणजे शरदात वाळतात ती झुडपे, वेल आणि गवत. साग, पळस यांसारख्या वृक्षांची पानगळ त्यानंतर, शिशिराच्या आसपास होते. शरदात परसातले झुडूप वाळलेले असते आणि त्याच्या मागचा डोंगर मात्र अजून हिरवा असतो. हा विरोध या प्रदेशाचे वैशिष्ट्य आहे.

दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्र’ (१९५६) या ग्रंथाने निसर्गाकडे मासांच्या क्रमाने पाहण्याची सवय मराठी वाचकाला लावली. छायाचित्रणात मात्र ही सवय फारशी उतरलेली दिसत नाही. वाळलेल्या पानाला उदासीचे प्रतीक मानणारी दृष्टी आयती घेतली जाते. येथील वाळणे हे मुख्यतः पक्व होणे आहे, ही गोष्ट त्यामुळे निसटते.

रचना आणि कार्य

वाळल्यावर वनस्पतीचा रंग जातो आणि रचना उघडी पडते. भेंडीचे फळ कोवळे असताना त्याच्या पाच धारा केवळ रेषा वाटतात. वाळल्यावर फळ त्याच धारांवर उकलते आणि आतील बियांच्या रांगा दिसू लागतात. गोकर्णाची चपटी शेंग तडकताना तिच्या दोन्ही फाका पीळ घेतात आणि बी दूर फेकले जाते. घोसाळ्याच्या आत तंतूंचे जाळे तयार होते, फळाच्या टोकाशी झाकणासारखा भाग सुटतो आणि त्या वाटेने बिया गळतात. तुळशीच्या मंजिरीतील प्रत्येक वाळके पुष्पकोश म्हणजे चार सूक्ष्म बीजे जपणारी दोन ओठांची पेटी असते. गणेशपूजेतील पत्रींमध्ये मानाने वाहिला जाणारा आघाडा कार्तिकात पाहिला, तर त्याची फळे दांड्याला उलटी टेकलेली आणि टोकदार झालेली असतात. जाणाऱ्या-येणाऱ्याच्या कपड्यांना चिकटून ती प्रवास करतात. गणेशमूर्तींसाठी ख्यातनाम असलेल्या पेणमध्ये भाद्रपदातला हिरवा आघाडा सर्वांच्या परिचयाचा आहे; दोन महिन्यांनंतरचा आघाडा कोणी पाहत नाही.

तेरड्याचे उदाहरण याहून वेगळे आहे. त्याच्या रंगाचे तीन दिवस म्हणीत अमर झाले. त्याचे बोंड मात्र पिकताच जराशा स्पर्शाने फुटते आणि मऊ, पाणीदार खोड काही दिवसांत आक्रसून जाते. प्रत्येक वनस्पती सुंदर वाळतेच असे नाही. कोणती वनस्पती वाळल्यावर आकार टिकवते आणि कोणती टिकवत नाही हे ओळखणे, ही या छायाचित्रणाची पहिली अट आहे.

पूर्वपरंपरा आणि तिची मर्यादा

वनस्पती आणि छायाचित्रण यांचे नाते छायाचित्रणाइतकेच जुने आहे. हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी १८३० च्या दशकात संवेदनशील कागदावर पाने ठेवून त्यांचे ठसे घेतले. अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी १८४३ पासून शैवालांच्या निळ्या छायामुद्रा ग्रंथरूपाने काढल्या. या परंपरेला कलेची प्रतिष्ठा मिळवून दिली ती कार्ल ब्लॉसफेल्ट (१८६५-१९३२) यांनी. बर्लिनमध्ये कलाशिक्षक असलेल्या ब्लॉसफेल्ट यांनी अंकुर, कळ्या, बोंडे यांची अनेक पटींनी मोठी केलेली छायाचित्रे विद्यार्थ्यांना आकार शिकवण्यासाठी घेतली. त्यांतील १२० छायाचित्रांचा संग्रह १९२८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि वॉल्टर बेंजामिन यांच्यासारख्या समीक्षकाने त्याची दखल घेतली.

महाराष्ट्रातही वनस्पतीची प्रतिमा जपण्याचे कार्य झाले आहे. पुण्याजवळील दापोडीच्या उद्यानातील वनस्पतींची चित्रे अलेक्झांडर गिब्सन यांच्या देखरेखीखाली १८४७ ते १८५० या काळात काढली गेली. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर वनस्पतिसंग्रहात वाळवलेले नमुने शास्त्रीय पद्धतीने जतन केले आहेत. रोह्यात बालपण गेलेले चिंतामणराव देशमुख हे पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. केंब्रिजला असताना त्यांनी वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक मिळवले होते, हे येथे नमूद करण्यासारखे आहे.

या दोन्ही परंपरांमध्ये एक समान गोष्ट आहे. ब्लॉसफेल्ट यांच्या छायाचित्रात वनस्पती साध्या पार्श्वभूमीवर एकटी असते. गरजेप्रमाणे ती छाटलेली असते. वनस्पतिसंग्रहातील नमुना कागदावर चिकटवलेला असतो. परंतु त्या कागदावर नाव, ठिकाण, तारीख आणि संग्राहक यांची नोंद असते. ब्लॉसफेल्ट आकार देतात आणि स्थळ काढून घेतात. वनस्पतिसंग्रह स्थळाची नोंद ठेवतो, परंतु परिसर दाखवत नाही. आकाराच्या अभ्यासासाठी वनस्पती एकटी दाखवणे योग्यच आहे. परसबागेच्या बाबतीत मात्र त्याने अर्थाची हानी होते.

राखलेले फळ

ही हानी कोणती, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. परसातील वेलावर एकच घोसाळे वा दुधी मोठा होऊन वाळेपर्यंत राहिलेला दिसतो. पाहुण्याला ते दुर्लक्ष वाटते. वस्तुतः ते बियाण्यासाठी राखलेले फळ असते. जोमदार वेल आणि चांगले फळ पाहून घरातील जाणती बाई ते तोडू देत नाही. कधी त्याला खुणेची चिंधीही बांधलेली असते. अशा फळाचे बी राखेत घोळून पुढच्या मृगापर्यंत जपले जाते. म्हणजे परसातील वाळलेली वनस्पती बहुधा कोणाच्या तरी निर्णयामुळे तेथे उभी असते. चिंधी चौकटीबाहेर ठेवली तर छायाचित्र सुबक होते, परंतु त्यातील माणूस नाहीसा होतो.

नेदरलँड्समधील उद्यानरचनाकार पीट औडोल्फ यांनी वाळलेली बोंडे हिवाळाभर न कापता उभी ठेवण्याची पद्धत रूढ केली आणि तिकडील छायाचित्रकारांना मोठा विषय मिळाला. तेथे वाळलेले झाड मुख्यतः पाहण्यासाठी राखले जाते; पेण-रोह्याच्या परसात ते पेरण्यासाठी राखले जाते. सौंदर्य दोन्हीकडे आहे, पण त्याचे कारण निराळे आहे.

तंत्राचा विचार

तंत्र या दृष्टीला पूरक असावे लागते. मूळ आकाराइतक्या मोठ्या प्रतिमेत स्पष्टतेची खोली जेमतेम एखाद-दुसरा मिलिमीटर असते. म्हणून तिपाई, निवाऱ्याची जागा आणि लहान छिद्रमान आवश्यक ठरते. मंजिरीसारखा पातळ विषय पाठीमागून येणाऱ्या प्रकाशात उजळतो. भेंडीच्या बोंडाला बाजूचा तिरपा प्रकाश हवा. पेणच्या खारेपाटात क्षितिज मोकळे असल्याने सकाळचा तिरपा प्रकाश लवकर मिळतो. कुंडलिकेच्या खोऱ्यात डोंगराच्या आड असलेल्या घरांना त्यासाठी थांबावे लागते. दहिवर असेपर्यंत वाळलेली बोंडे ओलसर आणि मिटलेली राहतात. ऊन चढल्यावर ती उकलतात. पार्श्वभूमीला काळे कापड धरण्याऐवजी मातीची भिंत, कुडाची कामटी किंवा मांडवाचा वासा राहू दिल्यास आकार स्पष्ट राहूनही स्थळ हरवत नाही. छायाचित्राखाली वनस्पतीचे स्थानिक नाव, गाव आणि मास लिहिणे ही वनस्पतिसंग्रहाकडून घेण्यासारखी शिस्त आहे.

यासाठी वेळही थोडा असतो. दिवाळीपूर्वी अंगण खरवडून, चोपून सारवले जाते आणि वाळलेला पसारा परसातून निघतो.

समारोप

हा प्रश्न केवळ अभिरुचीचा नाही. बाजारातून दरवर्षी संकरित बियाण्याची पाकिटे आणली जाऊ लागली की फळ राखण्याचे कारण उरत नाही, कारण संकरित वाणाच्या बियांतून तेच गुण पुन्हा मिळण्याची खात्री नसते. अंगणात सिमेंटचे ठोकळे बसले की आघाडा आणि तेरडा उगवतच नाहीत. अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांना देशी बियाण्यांच्या जतनासाठी २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा परसातील बियाणे हे सांस्कृतिक धन आहे हे सार्वत्रिकपणे मान्य झाले. छायाचित्रणाने या धनाचे दृश्यरूप नोंदवणे आवश्यक आहे.

वाळलेल्या वनस्पतीचे सौंदर्य तिच्या नाजूक आकारात आहे, हे ब्लॉसफेल्ट यांनी सिद्ध केले. तो आकार कोणी, कशासाठी आणि कोणत्या परसात टिकू दिला, हे दाखवणे पेण-रोहा परिसरातील छायाचित्रकाराचे काम आहे. महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्र, मराठी आणि कला या विभागांनी एकत्र येऊन आश्विन-कार्तिकात आपल्या परिसरातील परसांची अशी सचित्र नोंद केली, तर विद्यार्थ्याला एकाच बोंडात रचना, भाषा आणि लोकव्यवहार यांचा अभ्यास करता येईल. त्यासाठी लागणारी बोंडे अद्याप अनेक परसांत उभी आहेत.