जुळलं म्हणजे बरोबर बसलं का?

एकात एक बसणाऱ्या दोन करवंट्या घ्या. आतली हळूहळू फिरवा. कशीही फिरवली तरी ती तितकीच छान बसते. पण तिच्यावर शाईचं एक टिंब काढलेलं असेल, तर ते मात्र दर वेळी नव्या जागी गेलेलं दिसेल. पॉल बेस्ल आणि नील मॅके यांचा १९९२ सालचा गाजलेला शोधनिबंध वाचताना आम्हांला या करवंट्या सारख्या आठवत होत्या.

निबंधाचा विषय आहे त्रिमितीय आकारांची जुळवणी. संगणकात एखाद्या वस्तूचा नमुना आहे आणि दुसरीकडे तिच्या पृष्ठभागावर मोजलेले काही बिंदू आहेत. हे बिंदू कसे वळवले, किती सरकवले, म्हणजे नमुन्यावर बसतील? लेखकांची रीत शाळेतल्या मुलांनाही सांगता येईल इतकी सोपी आहे. प्रत्येक बिंदूला नमुन्यावरचा सर्वांत जवळचा बिंदू हा त्याचा जोडीदार माना. जोड्यांमधल्या अंतरांच्या वर्गांची सरासरी कमीत कमी होईल असे सगळे बिंदू एकत्र हलवा. आता काही जोडीदार बदलतील. पुन्हा जोड्या लावा, पुन्हा हलवा. ही सरासरी कुठल्याच फेरीत वाढत नाही, हे त्यांनी सिद्ध करून दाखवलं आहे. मात्र घसरता घसरता ती जवळच्या खळग्यात थांबते. तो सर्वांत खोल असेलच असं नाही. लेखकांनी हे लपवलेलं नाही. वेगवेगळ्या ठिकाणांहून सुरुवात करून पाहा, असं ते सांगतात. भरकटलेल्या बिंदूंनी रीत फसते, हेही कबूल करतात.

आमची तक्रार आहे ती या रीतीच्या पुढच्या प्रवासाबद्दल. लेखक जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेतले. न वाकणाऱ्या, न दबणाऱ्या वस्तूंची तपासणी त्यांच्या डोळ्यांसमोर होती. तीच रीत शस्त्रक्रियेच्या खोलीत आली. सर्जन एक सळई रुग्णाच्या कपाळावरून, गालांवरून फिरवतो. सळईवरच्या आणि डोक्याजवळ पक्क्या बसवलेल्या चौकटीवरच्या चकाकत्या गोळ्यांवर अवरक्त कॅमेऱ्यांची नजर असते. मिळालेले बिंदू आधी काढलेल्या स्कॅनशी जुळवले जातात आणि पडद्यावर मिलिमीटरमध्ये एक आकडा येतो.

हा आकडा कशाचा? त्वचेवरचे बिंदू किती जवळ बसले, एवढ्याचाच. काढायची गाठ तर आत खोल आहे; करवंटीवरचं टिंब ते. कपाळ गुळगुळीत आणि गोल, त्यामुळे जुळवणी थोडी फिरली तरी आकडा लहानच राहतो. म्हणून नाक, भुवयांची हाडं असे उंचसखल भाग घ्यावे लागतात. पृष्ठभागाऐवजी ठरावीक खुणा जुळवल्या तरी हा प्रश्न सुटत नाही. व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या मायकेल फिट्झपॅट्रिक यांनी २००९ साली दाखवलं, की खुणा किती चांगल्या जुळल्या यावरून त्या रुग्णाच्या गाठीपाशी किती चूक आहे याचा अंदाज बांधता येत नाही.

शिवाय मेंदू म्हणजे लोखंडाचा भाग नव्हे. कवटी उघडली की तो खचतो. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या २८ शस्त्रक्रियांच्या मोजमापात त्याचा पृष्ठभाग सरासरी सुमारे १ सेंटिमीटर सरकलेला आढळला. कॅमेरे मिलिमीटरच्या अंशापर्यंत अचूक असले तरी त्यांना दिसते चौकट, आतला मेंदू नव्हे.

चांगली परीक्षा घेता येते, हेही सांगायला हवं. व्हँडरबिल्टच्याच गटाने १९९७ साली काही रुग्णांचे स्कॅन निरनिराळ्या गटांना जुळवायला दिले. खरं उत्तर रुग्णांच्या कवटीत बसवलेल्या खुणांवरून आधीच काढलेलं होतं, आणि त्या खुणा चित्रांतून पुसून टाकलेल्या होत्या. ज्याने जुळवलं त्यालाच गुण द्यायला सांगितलं नाही!

रोजच्या शस्त्रक्रियेत अशी सोय नसते. तिथे सावध सर्जन सळईचं टोक एखाद्या ओळखीच्या हाडावर टेकवतो आणि पडद्यावरही ते त्याच हाडावर दिसतं का, हे पाहतो. ही तपासणी आकड्यावर विसंबत नाही. मात्र तीही हाडापुरतीच.