प्रत फाइलची, परवानगी कोणाची?

एखादा सर्व्हर जुना झाला की त्यावरच्या फाइली नव्या सर्व्हरवर न्याव्या लागतात. सर्व्हर म्हणजे अनेकांनी मिळून वापरायचा सामाईक संगणक. आता तो पुष्कळ शाळा-महाविद्यालयांतही असतो. फाइली नेऊन झाल्या की त्यांतल्या दोन-चार उघडून पाहतात आणि मजकूर जसाच्या तसा दिसला की काम झाले असे समजतात. त्या फाइली कोणी वाचाव्यात आणि कोणी बदलाव्यात याच्या परवानग्याही नीट आल्या का, हे मात्र सहसा पाहिले जात नाही. युनिक्स व लिनक्स प्रणालींवर या कामासाठी ‘आरसिंक’ हा प्रोग्रॅम अतिशय लोकप्रिय आहे. त्याच्या एका पर्यायाचा येथे परामर्श घ्यायचा आहे.

आधी परवानगी राहते कोठे ते पाहू. जमीन शेतात असते, पण ती कोणाची हे शेत खणून कळत नाही. त्यासाठी सातबारा पाहावा लागतो. फाइलचेही तसेच आहे. मजकूर डिस्कवर एका जागी असतो आणि मालक, गट, परवानग्या व वेळा यांची नोंद ‘आयनोड’ नावाच्या वेगळ्या तक्त्यात असते. फक्त मजकुराची प्रत काढणे म्हणजे सातबारा मागे ठेवून जमीन हलवणे होय.

ही परवानग्यांची पद्धत १९७० च्या दशकात बेल प्रयोगशाळेत, केन थॉम्पसन व डेनिस रिची यांच्या युनिक्समध्ये घडत गेली. ती मोठी सुटसुटीत आहे. माणसांचे वर्ग तीन: मालक, त्याचा गट आणि इतर सगळे. प्रत्येक वर्गाला वाचणे (४), लिहिणे (२) व चालवणे (१) या परवानग्या देता येतात आणि त्या अंकांची बेरीज करून लिहितात. म्हणून ६०० याचा अर्थ मालकाने वाचावे व लिहावे, बाकी कोणी हातही लावू नये. ६६० म्हणजे मालकाबरोबर गटालाही वाचण्या-लिहिण्याची मुभा.

आता आरसिंककडे वळू. अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांनी १९९६ साली तो प्रसिद्ध केला. फाइलचा जेवढा भाग बदलला तेवढाच दुसऱ्या यंत्राकडे पाठवायचा, ही त्यामागची कल्पना फार हुशारीची आहे आणि आजही ती उत्तम काम देते. त्याबद्दल आमची काहीच तक्रार नाही. आमची तक्रार ‘लहान ए’ या पर्यायाबद्दल आहे. हा ए ‘अर्काइव्ह’ या शब्दाचा. अर्काइव्ह म्हणजे दप्तरखाना, जेथे ठेवलेली वस्तू होती तशी मिळावी अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात या ए मध्ये सात सूचनांची मोट बांधलेली आहे: आतले सर्व फोल्डर घ्या, लिंका तशाच ठेवा, परवानग्या राखा, वेळा राखा, गट राखा, मालक राखा आणि विशेष फाइली राखा. यादी भरघोस दिसते. पण तिच्यात ‘एसीएल’ नाही.

एसीएल म्हणजे नावानिशी परवानग्यांची यादी. तीन वर्गांत न बसणारी सोय तिने करता येते. समजा, गुणांची फाइल परीक्षाप्रमुखांच्या मालकीची आहे आणि तिचा गट ‘शिक्षक’ असा आहे. परवानगी ६००, म्हणजे शिक्षकांच्या गटाला ती उघडता येत नाही. पुढे गुण भरण्यासाठी एका लिपिकाला वाचण्या-लिहिण्याची मुभा हवी म्हणून त्याचे नाव एसीएलमध्ये घातले. आता फाइलच्या नोंदीत ६६० दिसू लागते आणि शेवटी अधिकचे चिन्ह येते. कारण एसीएल असली की मधल्या अंकाचा अर्थ बदलतो. तो आता गटाची परवानगी सांगत नाही. नावानिशी दिलेल्या आणि गटाच्या अशा सर्व परवानग्यांची कमाल मर्यादा सांगतो. गटाची खरी परवानगी शून्यच असते, पण ती एसीएलच्या आत लिहिलेली असते.

ही फाइल फक्त ‘लहान ए’ वापरून नव्या सर्व्हरवर नेली तर काय होईल? एसीएल मागे राहते आणि ६६० हा आकडा तेवढा पुढे जातो. नव्या जागी एसीएल नसल्यामुळे मधला ६ पुन्हा जुन्याच अर्थाने वाचला जातो: गटाला वाचण्या-लिहिण्याची मुभा. ज्या लिपिकासाठी एवढी खटपट केली तो बाहेर राहिला आणि ज्या गटाला मज्जाव होता त्याला गुण बदलण्याचीही सोय झाली. परवानगी हरवली की फार तर कोणाची तरी अडचण होईल, असा आपला समज असतो. येथे ती हरवल्यामुळे कुलूपच उघडले. आणि आरसिंकने याबद्दल एक अक्षरही काढले नाही.

दुसरा मुद्दा मालकाचा. आयनोडमध्ये मालकाचे नाव नसते, क्रमांक असतो. अ तुकडीतला हजेरी क्रमांक १२ आणि ब तुकडीतला १२ ही वेगवेगळी मुले असतात. दोन सर्व्हरवरच्या क्रमांकांचेही तसेच. आरसिंक हे जाणतो आणि नावावरून माणूस जुळवतो. पण ते नाव नव्या सर्व्हरवर नसेलच तर तो जुना क्रमांक तसाच लिहितो. तो क्रमांक तेथे दुसऱ्या कोणाचा असला तर फाइल त्याच्या मालकीची होते. शिवाय हे सगळे काम सर्वाधिकारी वापरकर्त्याने चालवले तरच. साधा वापरकर्ता असेल तर मालक राखण्याची सूचना मुकाट्याने बाजूला पडते आणि प्रत काढणाराच मालक होतो.

न्यायाची बाजूही सांगितली पाहिजे. साध्या वापरकर्त्याला दुसऱ्याच्या नावावर फाइल करू न देणे योग्यच आहे, नाहीतर कोणीही कोणाच्याही नावावर काहीही खपवील. ‘लहान ए’ मध्ये एसीएल येत नाही हे पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले आहे. एसीएल राखण्याचा ‘मोठा ए’ हा पर्याय आरसिंकच्या तिसऱ्या आवृत्तीत, २००८ साली आला. तोवर ‘लहान ए’ चा अर्थ रूढ झाला होता आणि तो बदलला असता तर त्यावर विसंबून लिहिलेली जुनी कामे बिघडली असती. हे सर्व मान्य. तरीही दोन दोष उरतात. नाव जेवढे वचन देते तेवढे काम पाळत नाही, आणि जे गाळले ते गाळल्याचे प्रोग्रॅम सांगत नाही. काही गोष्टी गाळणे अपरिहार्य असेल. गप्प राहणे अपरिहार्य नव्हते. ‘इतक्या फाइलींच्या एसीएल नेल्या नाहीत’ अशी एक ओळ शेवटी छापली असती तरी पुरे होते.

ती ओळ छापली जात नाही तोवर काळजी आपण घ्यायची. सर्वाधिकारी वापरकर्त्याने ‘लहान ए’ बरोबर ‘मोठा ए’ द्यावा. नेण्यापूर्वी दोन्ही सर्व्हरवरची वापरकर्त्यांची नावे व क्रमांक ताडून पाहावेत. ‘गेटएफएसीएल’ या आज्ञेने परवानग्यांची यादी आधी जुन्या सर्व्हरवर आणि मग नव्यावर काढावी व दोन्ही याद्या ताडाव्यात.

संगणक शिकवणाऱ्या शिक्षकांना वर्गात हा प्रयोग सहज करता येईल. एक फाइल ६०० करा, एसीएलमध्ये एक नाव घाला, दोन्ही पद्धतींनी तिची प्रत काढा आणि कोणाला काय उघडते ते मुलांनाच पाहू द्या. मजकूर तिन्ही ठिकाणी सारखाच असेल. मग प्रत खरी कोणती, हा प्रश्न मुलांना विचारावा.