निओव्हिम शिकायचंय? लेझीव्हिमने सुरुवात नको

पीएचडीला येऊ घातलेल्यांचे हल्ली ठरलेले दोन प्रश्न असतात. व्हीएस कोड सोडून निओव्हिमकडे यावं का? आणि लगेच पुढचा, लेझीव्हिम टाकू का? पहिल्याला माझं उत्तर हो. दुसऱ्याला, इतक्यात नको.

आधी एक गैरसमज काढून टाकू. माउस सोडला की काम वेगात होतं, हा प्रचार मला पटत नाही. संशोधनातला वेळ टायपिंगमध्ये जातच नाही, कोड वाचण्यात आणि दुरुस्त करण्यात जातो. व्हिम आवडायचं कारण त्याचं व्याकरण. 'डी' म्हणजे खोडा, 'सी' म्हणजे बदला, 'वाय' म्हणजे कॉपी करा. ही क्रियापदं. त्यापुढे कर्म द्यायचं. 'सी', 'आय', 'डब्ल्यू' दाबलं की कर्सर शब्दाच्या मधोमध असला तरी अख्खा शब्द जातो आणि नवा लिहिता येतो. 'डब्ल्यू'ऐवजी कंस दाबा, कंसातलं सगळं बदला. फंक्शनचे पॅरामीटर बदलताना हे सतत लागतं. मग दुसरीकडे जाऊन नुसतं टिंब दाबलं की तोच बदल तिथेही. चार क्रियापदं आणि दहा कर्मं आली की चौदा नाही, चाळीस कमांड आल्या.

आता लेझीव्हिम. ते बनवलंय छान, यात वाद नाही. एलएसपी, फाइल शोधणं, गिट, सगळं जोडलेलं येतं. स्पेस दाबून थांबलं की पुढे कोणती बटणं चालतील त्याची यादी समोर येते. नवख्या माणसासाठी ही सोय उत्तमच आहे. माझी तक्रार वेगळी आहे: ते व्हिमची मूळ बटणंच बदलून ठेवतं. तिथे 'एस' दाबून जिथे जायचंय तिथली एक-दोन अक्षरं टाइप केली आणि तिथे दिसणारं लेबल दाबलं की कर्सर उडी मारतो. साध्या व्हिममध्ये 'एस' कर्सरखालचं अक्षर खोडून इन्सर्ट मोडमध्ये नेतं. शिफ्ट-'एच'ने लेझीव्हिममध्ये आधीची फाइल येते, मूळ व्हिममध्ये कर्सर स्क्रीनच्या वरच्या ओळीवर जातो.

लॅपटॉपवर याने काही बिघडत नाही. पण तुमचं सिम्युलेशन लॅपटॉपवर चालणार नाहीये. एसएसएचने क्लस्टरवर गेलात की समोर साधं व्हिम, क्वचित नुसतं व्हीआय. तिथे इनपुट फाइलमधल्या ३०० वर कर्सर असताना सवयीने 'एस' दाबलं आणि पुढची दोन अक्षरं टाइप केली, तर तीनचा आकडा गेला आणि त्या जागी ती अक्षरं बसली. लक्षात आलं तर 'यू' दाबून परत आणता येतं. नाही आलं, तर रात्रभर रांगेत थांबलेला जॉब सुरू होताच पडतो. आणि गाइडला सकाळी आकडे हवे असतात!

त्यामानाने किकस्टार्ट मला प्रामाणिक वाटतं. ल्युआत लिहिलेली एक फाइल, ओळीओळीला टिपा. वाचा, नको ते काढा. पण त्याच्याही आधी व्हिमट्यूटर करा. अर्ध्या तासाचा धडा आहे, व्हिमसोबतच येतो. मग महिनाभर जवळपास कोऱ्या व्हिमवर काम करा. एखादी गोष्ट रोज टोचायला लागली की तेवढीच सेटिंग बदला.

मराठीत लिहिणाऱ्यांना एक अडचण हमखास टोचेल. इनस्क्रिप्ट चालू असताना नॉर्मल मोडमध्ये खाली जायला 'जे' दाबलं की व्हिमला मिळतो 'र', वर जायला 'के' दाबलं की 'क'. कर्सर ढिम्म. यासाठी कोणतंही तयार पॅकेज शोधत बसू नका. व्हिममध्ये 'कीमॅप' नावाचा पर्याय आहे. सिस्टिमचा कीबोर्ड इंग्रजीच ठेवायचा, कोणत्या बटणाला कोणतं अक्षर त्याची छोटी फाइल लिहायची. मग देवनागरी फक्त मजकूर लिहिताना उमटते, कमांड इंग्रजीच राहतात. इन्सर्ट मोडमध्ये कंट्रोल आणि ६ दाबून ती चालू-बंद करता येते.